लाल गाडी चालवून बघितली

आत्या, तुम्ही असता तर हे सगळं मी तुम्हाला भट्टीसमोर बसून सांगितलं असतं, आणि तुम्ही कढईतलं उलथनं न थांबवता ऐकलं असतं. आता भट्टीला लाकूड लागत नाही, कढया मोटारीवर आपल्या आपण फिरतात, आणि त्यांच्यासमोर बसून बोलावं असं कुणी उरलेलं नाही. तुमच्या मुलाला मी अर्धं सांगितलं. तुमच्या नातवाला सांगायची गरजच नव्हती, तो तिथंच होता. राहिलेलं अर्धं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना, म्हणून लिहायला बसले. गोष्ट अशी की मी, तुमची थोरली सून, पन्नाशी ओलांडल्यावर स्पोर्ट्स कार घ्यायला निघाले होते. म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल. तिच्यात दोनच माणसं बसतात. ती इतकी बुटकी असते की आपल्याकडच्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं. तिच्यात दुधाचा कॅन सोडा, बाजाराची पिशवीसुद्धा नीट मावत नाही. चालवायचं सुख सोडलं तर तिचा कशालाही उपयोग नसतो. तुम्ही विचारलं असतं, "मग घेतीस कशाला?" आणि मी म्हणाले असते, त्या सुखासाठीच.

हे सुख मला तुम्हीच लावलं. बेंबळीहून लग्न होऊन आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. दूध गोळा करायला आणि खवा बार्शीला पोचवायला घरात जीप होती, पण ड्रायव्हर चार दिवस यायचा आणि तीन दिवस दारू पिऊन पडायचा. ह्यांना स्टिअरिंग धरलं की घाम फुटायचा, अजूनही फुटतो. एक दिवस तुम्ही भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघताच म्हणालात, "उद्यापासून जीप तू घ्यायची." मी हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही पदर खोचून जीपमध्ये शेजारी येऊन बसलात. मी क्लच सोडते, जीप बेडकासारखी उडी मारते, बंद पडते. मी पुन्हा चालू करते, पुन्हा तेच. गोठ्यापाशी सासरे उभे, हात कमरेवर ठेवून. तुम्ही खिडकीतून त्यांना सांगता की तिकडं जाऊन धारा काढा, इथं काय तमाशा हाय? ते गेले आणि जीप चालली.

महिन्याभरात मी भूमपासून पार परंड्यापर्यंत दुधाच्या फेऱ्या करायला लागले. तुम्ही निमित्त काढून सोबत यायचात. भट्टी सोडून यायचात, हे मला तेव्हा कळलं नाही, किती मोठी गोष्ट होती ती. माळावरचा सरळ रस्ता आला, पुढं मागं कुणी नसलं, की तुम्ही पदराचं टोक दातांत धरून हळूच म्हणायचात, "आता पळव." मी पळवायची. मोकळे कॅन मागं वाजायचे, डोळ्यांत धूळ जायची आणि तुम्ही लहान पोरीसारख्या हसायचात. घरी आल्यावर मात्र चेहरा असा, जशा काही देवळातून आलात. आणि एकदा मी वाटेत आलेल्या म्हशींवर हॉर्न दाबून धरला, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. हळू नाही, चांगला जोरात. "म्हैस बिचकली की सांजचं दूध चोरती. तिच्या मालकिनीनं मग काय करायचं?" म्हणालात. आणि इंजिन बंद करायला लावून म्हशी जाईपर्यंत मला बसवून ठेवलंत. त्यानंतर मी जनावरावर हॉर्न वाजवलेला नाही.

तुम्ही गेल्यावर मी चालवतच राहिले. जीप गेली, पिकअप आली, पिकअप बदलून दुसरी आली. खव्याचे पेढे झाले, दुकान झालं. सोलापूरच्या रस्त्यातला कोणता खड्डा कोणत्या पावसाळ्यात जन्मला हे मला ठाऊक आहे. मग तुमचा नातू पुण्याहून शिकून आला, त्यानं धंदा हातात घेतला, ड्रायव्हर नेमले आणि मला म्हणाला, आई, आता तू निवांत बस. बसायला एक मोठी उंच गाडी घेतली. तिला क्लच नाही. गिअर ती स्वतःच टाकते. जरा रेघ ओलांडली की टुंग टुंग वाजून मला शहाणपणा शिकवते. तिच्यात बसलं की मला दवाखान्यातल्या खाटेवर झोपवून कुणीतरी ढकलत नेतंय असं वाटतं. दोन वर्षं तिच्यात बसून मला इतका वीट आला, की एक दिवस जेवताना मी सांगून टाकलं, मला माझ्यासाठी एक गाडी घ्यायचीय, चालवायची. हे ताटातली आमटी भुरकत म्हणाले, "घे. फक्त मला बसायला लावू नको." मुलगा मात्र खूश झाला. त्याला असल्या गाड्यांचं वेड. मोबाइलवर बघून त्यानं तीन गाड्या काढल्या. मी त्याला एवढंच म्हणाले की फोटो नकोत, कुणी काय सांगितलं तेही नको. मी तिन्ही चालवून बघणार, आणि जी चालवताना हात सुखावेल ती घेणार.

पहिली पुण्यात, नवी कोरी, चंदेरी. शोरूमचा पोरगा शिष्ट, दाढी कोरलेली. मी पुढं होऊन विचारत होते आणि तो उत्तरं मुलाला देत होता. मी ब्रेकचं विचारलं, तर मुलाकडं बघून म्हणाला, "सर, मॅडमना सांगा, सेफ्टीचं टेन्शन नाही." मग किल्ली मुलाच्या हातात दिली, स्वतः शेजारी बसला, आणि गाडीत दोनच माणसं मावत असल्यामुळं, जिच्यासाठी गाडी घ्यायची ती बाई काचेच्या दालनात गार कॉफी घेऊन उभी राहिली. मुलगा लाजून परत आला हे खरं. मग माझी पाळी. आत्या, गाडी पळायची छान. आवाज तर असा, की छातीत घुमावा. पण तो आवाज आणि माझा पाय यांचं काही जुळेना. पाय उचलला तरी तो जरा वेळ भुंकत राहायचा. मी विचारलं, तर पोरगा अभिमानानं म्हणाला की हा आवाज स्पीकरमधून येतो, मॅडम, बटनावर बदलता येतो, बघा. त्यानं बटन दाबलं, वेगळा आवाज. परत दाबलं, आवाज बंद. आणि आत शिलाई मशीन चालावं तसं मऊ गुणगुणणारं इंजिन. मला शिसारी आली. आपल्याकडं पूर्वी तो व्यापारी पिठाळ खवा घेऊन यायचा, दिसायला आपल्यापेक्षा पांढरा, वासही मारलेला, आणि आयोडिनचा थेंब टाकला की निळाशार. तुम्ही तो खवा त्याच्यासमोर उकिरड्यावर फेकला होता. मला ती गाडी कुठं फेकता येत नव्हती, म्हणून मी किल्ली काउंटरवर ठेवली आणि निघाले.

दुसरी सोलापुरात, जुनी, एका निवृत्त साहेबाची. साहेबांनी ती घेऊन चार वर्षं झाली होती आणि सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. गाडीवर एक कापड, त्यावर दुसरं कापड. आधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं. मी स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यांनी माझे हात बघितले. माझ्या हातांना तुपाचा वास असतो, तो साबणानं जात नाही, तुमच्याही जात नव्हता. तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, ही अट. कॉलनीला तीन चकरा मारल्या. गिअर तर असा पडायचा, की लोण्यातून सुरी जावी. त्या इंजिनाला पळायचं होतं, ते सारखं माझ्या तळव्याला येऊन सांगत होतं, आणि शेजारी तो माणूस "हळू, हळू" करत होता. उतरल्यावर त्यानं खिशातून कागदी रुमाल काढला आणि माझ्यासमोरच स्टिअरिंग पुसलं. सगळं, गोल गोल. मुलगा म्हणाला, "आई, गाडी घ्यायचीय, माणूस न्हाय." बरोबर होतं त्याचं. पण मला त्या प्लॅस्टिकखाली चार वर्षं कोंडून घातलेल्या गाडीची आणि त्या माणसाची मिळून अशी किळस बसली, की घरी येऊन मी आंघोळ केली.

तिसरी लाल. ती जळकोटला, महामार्गावरच्या एका ढाब्यामागं उभी होती. ढाबा तिच्या मालकाचाच, शिवाय तो रस्त्याची कंत्राटं घ्यायचा. पस्तिशीचा असेल, गळ्यात जाड साखळी, तोंडात गुटखा. नंबरप्लेटवरचे आकडे असे वाकवलेले, की "दादा" वाचावं. दार उघडलं आणि मी दोन पावलं मागं सरले. आत अत्तराचा भपकारा आणि त्याच्याखाली शिळा, आंबट, कोंदट वास. दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या रिकाम्या पुड्या ठासलेल्या. शेजारच्या काचेच्या कडेला पिचकारीचा वाळलेला ओघळ. एवढी सुंदर वस्तू आणि तिची ही दशा. मुलगा हळूच म्हणाला, "धुऊन निघंल गं." तो ढाब्यावर थांबला, मालक माझ्याशेजारी येऊन बसला, तोंडातला ऐवज खिडकीतून टाकला आणि म्हणाला, "चालवा ताई, भ्यायचं न्हाय."

आत्या, ते कसं सांगू? क्लच जड होता, जीपच्या क्लचसारखा, पाय पूर्ण दाबायला लावणारा. इंजिन पुढं नाही, पाठीमागं. ते चालू झालं तसं माझ्या पाठीच्या कण्याला लागलं. कुठलं बटन नाही, स्पीकर नाही. पाय टेकवला की बोलायचं, उचलला की गप्प. महामार्गावरून मी आतल्या रस्त्याला वळले, तुरीच्या रानांतून वळणं घेत जाणारा, ओळखीचा रस्ता. पहिल्याच वळणाला कळलं. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडान्‌खडा हाताला लागत होता, इथं डांबर गुळगुळीत, इथं खरबरीत, इथं कडेची माती आलीय. मी मनात आणायची आणि गाडी तिकडं वळलेली असायची. दुसरा गिअर, तिसरा, मग उतारावर ब्रेक, परत दुसरा, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दिला की मागून कुणीतरी मायेनं पाठीला हात लावून ढकलावं, तशी ती निघायची. शेजारी तो माणूस होता, वास होता, पुड्या होत्या, पण मला त्यातलं काही दिसेना की कळेना. मला माझं वय कळेना. सरळ रस्ता आला आणि पुढं मागं कुणी नव्हतं. मी पळवली. आणि मी हसत होते, आत्या, एकटीच, तोंड उघडं टाकून.

मागं फिरायला म्हणून एका फाट्यावर गाडी थांबवली. मी म्हणाले, गाडी चांगली ठेवलीय. खोटंच, पण त्या क्षणी मला तो माणूससुद्धा चालला असता. त्यानं नवी पुडी फोडली आणि सांगायला लागला की इंजिन एक नंबर, टायर नवे, पुढचा बंपर तर आत्ता बसवलाय, रंगात फरक दिसतोय का बघा. मी विचारलं, बंपर कशाला बदलला?

"म्हातारी आडवी आली एक," तो म्हणाला. "सोनारीच्या रस्त्याला. गाडीची पूजा करून येत होतो भैरोबाकडनं."

"मग?"

"मग काय, गेली. जागेवरच. ते मिटलंय सगळं ताई, कागद क्लिअर हायेत."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "चेसिसला काही लागलं का?"

मी विचारलं. मीच. शब्द बाहेर पडले आणि मी ते ऐकले. तो खूश झाला. म्हणाला, एवढी गिऱ्हाइकं येऊन गेली, सगळे विचारतात केस मिटली का, पोलिसांचं काय. "तुमी पयल्या, चेसिसचं विचारलं. तुमाला गाडीतलं कळतंय." आणि मग त्यानं कौतुकानं सांगितलं, की चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खरचटलंसुद्धा नाही, गाडी आहे अशी मजबूत, आत बसलेल्याला नुसता ठप्प आवाज आला.

मी इंजिन बंद केलं. किल्ली तशीच ठेवून उतरले आणि चालायला लागले. रस्त्याच्या कडेला तुरीत जाऊन ओकले. तो मागून गाडी घेऊन आला, माझ्या चालीनं हळूहळू, काच खाली करून विचारत होता, "ताई, काय झालं? ऊन लागलं का? ती तुमची कोण लागत होती का?" मी त्याच्याकडं बघितलं नाही. शेवटी तो पुढं निघून गेला. जाताना त्या इंजिनाचा आवाज कमी कमी होत जाताना ऐकला, आणि मला त्या आवाजाचीही किळस आली, आणि तो ऐकणाऱ्या कानांचीही.

ढाब्यावर मुलगा उठून उभाच होता. त्याला त्या माणसानं सगळं सांगून टाकलं होतं, हसत हसत, की तुमच्या आई घाबरल्या. आम्ही गाडीत बसलो. तुळजापूरच्या अलीकडं मुलगा म्हणाला, "आई, तसं बघितलं तर आता तो भाव अजून खाली आणंल. असली गाडी कुणी घेत न्हाय." आत्या, हा तुमचा नातू. ज्याला तुम्ही मांडीवर घेऊन बोटानं गरम खवा चाटवलात तो. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. वाटेल ते बोलले. तुला माणूस दिसत नाही का, तुझ्या काळजाच्या जागी काय आहे, हेच शिकलास का पुण्याला? तो म्हणाला, "चुकलं." त्याचं चुकलं, आणि तो तसं म्हणाला. मी त्याला माझं सांगितलं नाही. आई म्हणून रागावले आणि ती रागावलेली आई घरापर्यंत घेऊन आले. त्या वेळी मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त घाण वाटत होती, पण मी तोंड त्याच्याकडं केलं.

घरी ह्यांना सांगितलं, चेसिसचं सोडून बाकी सगळं. हे जेवायचे थांबले. "कोण होती ती?" म्हणाले. एवढंच. पहिला प्रश्न हाच. ज्या माणसाला क्लच आणि ब्रेकमधला फरक आठवत नाही, त्याला तो सुचला. मी म्हणाले, ठाऊक नाही. हे म्हणाले, आपलं दूध त्या बाजूनं येतं, विचार की.

विचारायला वेळ लागला नाही. परंड्याकडच्या दूध गोळा करणाऱ्या माणसाला त्या म्हातारीचं गाव, घर, सगळं माहीत होतं. दरम्यान त्या लाल गाडीवाल्याचे फोन येत राहिले. ताई, तुमच्यासाठी ठेवलीय. ताई, तुमच्यासारखी जाणकार बाई न्हाय बघितली, दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होत न्हाय. जाणकार हा शब्द ऐकला की मला पुन्हा तुरीच्या रानात गेल्यासारखं व्हायचं. मी त्याचा नंबर बंद केला. एका दुपारी मुलाला न सांगता जुनी पिकअप काढली आणि गेले.

रस्त्याला लागून घर, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत एक बाई मिरच्यांचे देठ मोडत बसली होती, चाळिशीची असेल, डोक्यावरून पदर. मी म्हणाले, पाणी द्याल का. तिनं तांब्या दिला, बसायला पोतं दिलं. मी तिच्या सासूचं नाव काढलं, तसे तिचे हात थांबले.

"तुमी वकील हाव का?" तिनं विचारलं.

मी न्हाय म्हणाले. खव्याचा धंदा आहे, भूमकडं. मग कशाला आलात, असं तिनं विचारलं नाही. आपल्याकडच्या बायका एकदम तसं विचारत नाहीत. मी ढिगातल्या चार मिरच्या घेतल्या आणि देठ मोडायला लागले. मग तीच आपणहून बोलायला लागली. म्हातारी दर रविवारी सोनारीच्या भैरोबाला तेल घालायला चालत जायची. पायात चप्पल नाही, उपासाचा दिवस. पोरं म्हणायची मोटारसायकलवर सोडतो, तर म्हणायची, मोटारसायकलवर बसलं की देवाला काय सांगायचं ते विसरतं. ऐकायला कमी यायचं. सुनेचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं, असंही तिनं सांगितलं, कालवणात मीठ जास्त पडलं तरी सबंध गावाला कळवायची. "पण त्या दिवशी सकाळी तिनं माझ्या डोसक्याला तेल लावलं होतं," ती म्हणाली. "उगंच. कधी लावत नव्हती." मग पुढं माणसं आली, गाडीवाल्याची आणि गावातली, बसली, बोलली, चहा प्याली. काय मिटवायचं ते पुरुषांनी मिटवलं. चहा हिनंच केला. हिला कुणी काही विचारलं नाही.

मी म्हणाले, मला ती गाडी विकायला दाखवली होती. म्हणून आले.

तिनं हातातली मिरची खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठवेल. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. तिनं ती गाडी कधी बघितलीच नव्हती. रस्त्यावर पोचली तोवर गाडी निघून गेली होती.

"कसली हाय?" तिनं विचारलं.

"लाल. बुटकी."

"लई बुटकी?"

मी पडवीच्या उंबऱ्याजवळ उभी राहिले आणि माझ्या कमरेच्या खाली हात धरून दाखवला. तिनं त्या हाताकडं नीट बघितलं. म्हणाली, एवढीच? मग म्हातारीला दिसली नसंल, तिला खालचं दिसत नव्हतं. परत देठ मोडायला लागली. मिरचीचा खकाणा उठला होता, आम्ही दोघी शिंकलो.

"लोक म्हनत्यात लई भारी गाडी हाय," ती खाली बघतच म्हणाली. "चांगली हाय का हो?"

आत्या, तिला काय ऐकायचं होतं मला कळेना. चांगली आहे म्हणावं तर तिच्या घरच्या माणसाला मारणाऱ्या वस्तूची तिच्याच दारात स्तुती. मी म्हणाले, "न्हाय. भंगार हाय. काही दम न्हाय तिच्यात."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाली. आणि निघताना मूठभर सुक्या मिरच्या माझ्या पदरात घातल्या.

गाडी मी घेतलेली नाही, कुठलीच. मुलगा आता त्या विषयावर बोलत नाही. परवा त्यानं मला न विचारता पिकअपला नवी सीट बसवून आणली, आणि सोलापूरची फेरी पुन्हा मी घ्यायला लागलेय. ती लाल गाडी लातूरकडं कुणाला तरी गेली म्हणे, नंबरप्लेट बदलून. तिचा तो नवा मालक बंपरचं विचारेल, चेसिसचं विचारेल, आणि त्याला सगळं ठीक आहे असं सांगतील, आणि ते खरं असेल.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. तुम्ही जिवंत असता तर खोटं बोललेलं तुम्हाला माझ्या तोंडावर दिसलं असतं. त्या बाईला मी भंगार म्हणून सांगितलं. आत्या, ती भंगार नव्हती. तिच्यासारखी गाडी मी जन्मात चालवली नाही, आणि सोनारीच्या रस्त्यावरच्या त्या पडवीतून घरी येताना, पदरात मिरच्या घेऊन, मी प्रत्येक वळणावर त्या गाडीचाच विचार करत होते.